आई हैदराबादला असते

मलकपेठ, हैदराबाद
९ डिसेंबर १९५६

चि. इंदू,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्याशा कार्डावर मुंग्यांसारखी अक्षरं भरलीस, ती वाचायला मला यांचा चष्मा मागून घ्यावा लागला. पुढच्या वेळी पाकीट पाठव. मुंबई सरकारने भाऊजींचा पगार कापलेला नाही ना?

दोन खोल्यांचा क्वार्टर आहे, नळ अंगणात आहे, शेजार बरा आहे, एवढं कळलं. पण मुलं काय खातात, जया कुणाजवळ झोपते, अंबूचा खोकला गेला का, यातलं एक अक्षर नाही. औरंगाबादच्या नळाचं वर्णन घेऊन मी काय करू?

इकडे आमचं उत्तम चाललंय. आराम म्हणजे किती आराम, विचारू नकोस. सकाळी उठावं, चहा करावा आणि तो गरम असतानाच प्यावा. दुपारी दार लावून पडते. हे सुलतान बाजारातलं कापडाचं दुकान बंद करून आले की विचारतात, आज काय केलंस? मी सांगते, आराम.

गंमत बघ ना. एका चुलीवरची माणसं आपण. भाऊजींची कचेरी मुंबई राज्यात गेली म्हणून तुम्ही तिकडे गेलात. माझी सुशी गुलबर्ग्याला दिली तेव्हा गुलबर्गा आपल्याच राज्यात होतं, आता ती म्हैसूर राज्यातली झाली. आणि मी मलकपेठेतून जागची हलले नाही, तर मलाच उचलून आंध्र प्रदेशात ठेवलं. परवा कोपऱ्यावरचा रिक्षावाला विचारत होता, "अम्मा, बच्चे किदर गए? गल्ली सूनी हो गई." मी म्हटलं, "बंबई गए." त्याला वाटलं पोरं सिनेमात कामाला गेली. मीही तसंच राहू दिलं.

मे महिन्यात अनंतगिरीला जायचं आहेच. देवळाजवळच्या धर्मशाळेतल्या आपल्या दोन खोल्या सांगून ठेवायला हे विकाराबादला निरोप धाडणार आहेत. तू नेहमीसारखी झोप काढ, मुलांचं मी बघते. जयाला सांग, आई वाट बघतेय.

तुझी,
अक्का

मलकपेठ
२४ जानेवारी १९५७

अगं इंदू,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या चतुराबाई काय झालं म्हणून धावत आल्या. त्यांना वाचून दाखवलं, त्याही हसल्या. हे घरी आल्यावर पुन्हा वाचलं.

काय तो शाळेतला प्रसंग! मास्तरांनी मुकुंदाला विचारलं, बाळ, आईला नाही आणलंस? आणि तू शेजारी उभी असताना तो शहाणा सांगतो, "आई हैदराबादला असते. ही काकू." मास्तरांनी तुझ्याकडे पाहिलं, तू जमिनीकडे पाहिलंस, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट सगळ्या क्वार्टरांत पोचली. नामदेवरावांनी पहिली बायको हैदराबादला टाकली आणि दुसरी घेऊन आले! बायकांनी आपापसात ठरवूनच टाकलं. तुझ्या हळदीकुंकवाला आल्या त्या वाण घ्यायच्या आधी पोरांच्या डोक्यावरून हात फिरवत सुटल्या, आईवेगळी लेकरं म्हणून. जयाला प्रत्येकीने एकेक लाडू जास्त दिला. तिची चैन झाली की! आणि आमचे भाऊजी, ज्यांना एका बायकोपुढे घाम फुटतो, त्यांच्या नावावर दोन लागल्या!

यात रडण्यासारखं काय आहे? चूक कुणाचीच नाही. घरात पहिलं मूल माझी सुशी. ती मला आई म्हणायची आणि तुला काकू. मुकुंदा बोलायला लागला तो तिचं शेपूट धरून, म्हणून तोही मला आई आणि तुला काकू. अंबूने मुकुंदाचं ऐकलं, जयाने दोघांचं. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. माझे चुलतभाऊ त्यांच्या सख्ख्या आईला म्हातारी होईपर्यंत वहिनी म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, म्हणू द्या, घरात हाक एकीलाच गेलेली बरी. तेव्हा तूही हसायचीस.

त्या बायकांना सांग, पहिली बायको वगैरे काही नाही, माझी जाऊ आहे, आणि ती येऊन तुमच्या जिभा ओढेल. डोळे पूस आणि तिळाच्या वड्या कशा झाल्या होत्या ते लिही.

अक्का

मलकपेठ
२० मार्च १९५७

चि. इंदू,

फेब्रुवारीत तुला लिहिलं, नंतर पुन्हा लिहिलं. दुसरं पत्र तर आबिड्सच्या मोठ्या पोस्टात स्वतः जाऊन टाकलं, आमच्या गल्लीतल्या पेटीवर माझा भरवसा नाही. म्हणजे पत्रं पोचली आहेत आणि तूच उत्तर दिलेलं नाहीस.

भाऊजींचं कार्ड यांच्या नावाने दुकानात आलं. धान्याचे भाव, बदलीची बातमी, आणि शेवटी एवढं: "मुलं आता इंदूला आई म्हणायला शिकत आहेत. अंबू विसरतो. काकू म्हणाला की ती ओ देत नाही." यांनी ते वाचून कार्ड माझ्याकडे दिलं आणि हातपाय धुवायला गेले.

ओ देत नाहीस म्हणजे काय? पोरगं पाणी मागत असलं तरी?

बरं, ते राहू दे. मी हसले ते चुकलं. चतुराबाईंना वाचून दाखवायला नको होतं. तू रडत लिहिलं होतंस हे शाई फुटली होती त्यावरून दिसत होतं, तरी मला आधी हसूच आलं. माझा स्वभावच मेला असा. जवळ असतीस तर तुझ्या पाठीवर हात ठेवून हसले असते, मग तुला ते एवढं लागलं नसतं. पत्रातून हात कसा पाठवायचा ते मला येत नाही.

मुलांनी तुला आई म्हणावं, तुझा हक्कच आहे तो. मी आडवी येणार नाही. फक्त एक विचारते. घरात माझा विषय निघतो तेव्हा ती मला काय म्हणतात? विषय निघत असेल तर.

मे महिन्याचं नक्की काय ते कळव. धर्मशाळेच्या खोल्या सांगितल्या आहेत.

अक्का

मलकपेठ
२ जून १९५७

इंदू,

अखेर पत्र आलं. चार पानं, आणि चारही पानांवर मीच.

तुम्ही अनंतगिरीला न येता वेरूळला गेलात. बरं केलंत, जवळ पडतं. तू लिहितेस की एक क्षण पाठ टेकली नाही. अंबू लेण्यांतून पळत सुटला आणि भाऊजी त्याच्यामागे. मुकुंदा रुसून एका खांबाला टेकून बसला तो निघायची वेळ झाली तरी उठेना. जया दिवसभर जेवली नाही, भाकरी पुढे केली की तोंड फिरवायची, आणि शेवटी तू तिला मारलंस आणि नंतर स्वतः रडलीस. "सुट्टीला गेले होते की शिक्षेला ते कळेना. माझं मूल काय खातं हे मलाच माहीत नाही. अक्का, तुम्ही मला झोपवलंत आणि माझी मुलं नेलीत." असं लिहिलंयस. मी तुझेच शब्द उतरवून पाठवतेय, म्हणजे पुन्हा एकदा वाचशील.

नेलीत? मी काय चोर आहे?

पहिल्यांदा अनंतगिरीला गेलो तेव्हा मुकुंदा रांगत होता. तुझ्या अंगात रक्त म्हणून नव्हतं. तूच म्हणालीस, "अक्का, तासभर पडू का?" मी म्हटलं, पड. पुढच्या वर्षी तू विचारलंही नाहीस. दुपारी कवाड लोटून घ्यायचीस ती ऊन कलल्यावर बाहेर यायचीस, गालावर चटईचे वळ घेऊन. "पोरं जेवली का हो?" एवढं विचारायचीस आणि मी हो म्हटलं की पुन्हा आडवी. परत आल्यावर गल्लीभर सांगायचीस, सुट्टी असावी तर अशी, लेकरं लहान आहेत असं वाटतसुद्धा नाही. चतुराबाईंना तुझा हेवा वाटायचा.

लहान मुलांना घेऊन गेलेल्या सुट्टीत आराम असतो, इंदू. पण तो एकीला मिळतो, कारण दुसरी जागी असते. मी जागी होते. तेव्हा तुला त्यात काही वावगं दिसलं नाही आणि आज तू मला हिशोब विचारतेस.

रागाने लिहितेय. पाणी पिऊन आले.

जया कोरडी भाकरी खात नाही. दुधात कुस्करून, आणि ताटलीत नाही, वाटीत. वाटी तिच्या हातात द्यायची, भरवायला गेलं की तिला राग येतो. अंबूला मोकळ्या जागी नेलंस तर त्याच्या हातात काहीतरी सांभाळायला दे, पिशवी, तांब्या, काहीही. हातात काम असलं की तो पळत नाही. मुकुंदा रुसला तर त्याला मनवायचं नाही. त्याच्याजवळ बसायचं आणि दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायचं. चुकीचं काहीतरी बोलायचं. तो आपण होऊन दुरुस्त करायला येतो.

आम्ही अनंतगिरीला गेलो नाही. हे म्हणत होते, दोघंच जाऊ, कधी नव्हे ती खरी विश्रांती मिळेल. मी म्हटलं, यंदा ऊन फार आहे.

अक्का

मलकपेठ
५ नोव्हेंबर १९५७

चि. इंदू,

दिवाळीला पाठवलेले कपडे आखूड झाले असं कळलं. "मुलं वाढतात, अक्का," एवढंच लिहिलंस. खरं आहे. जयाचा परकर बेतताना मी तिला डोळ्यांसमोर उभी केली होती. जी उभी राहिली तिच्या मापाचा झाला.

परकराच्या घडीत आतून कापड जास्त धरलं आहे. उसवून खाली सोडलंस तर अजून एक वर्ष जाईल. मुलांच्या सदऱ्यांना इलाज नाही, ते कुणाला तरी देऊन टाक. पुढच्या वेळी दोऱ्याने माप घेऊन पाठव. पाठवावंसं वाटलं तर.

अंबूने यांना पत्र लिहिलं, ते यांनी दुकानात येईल त्याला दाखवलं. खाली "मोठ्या काकूंना नमस्कार" होतं. पहिल्यांदा मला कळलंच नाही की या मोठ्या काकू कोण.

अक्का

मलकपेठ
११ एप्रिल १९५८

चि. इंदू,

कबूल. सगळं कबूल.

अशी अट घालणारी जाऊ त्रिभुवनात तू एकटीच असशील. बाकीच्या जावा कामाची पाळी लावण्यावरून भांडतात, आणि तू लिहितेस, "अक्का, अनंतगिरीला येतो, पण मुलांचं तुम्ही काही करायचं नाही." अंघोळ नाही, वेणी नाही, जेवण नाही. पडली झडली तरी नाही. चुकून मला आई म्हणाली तर मी ओ द्यायची नाही आणि तुझ्याकडे पाठवायचं. ठीक आहे. मी खाटेवर बसून विडा चघळीन आणि भावाभावांच्या गप्पा ऐकेन. एवढ्या वर्षांत त्या दोघांनी काय गप्पा मारल्या ते मला कधी ऐकायलाच मिळालं नाही.

थट्टा पुरे. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "मला तुमची आठवण येते, पण ती मुलं आधी माझी व्हायला हवीत, नाहीतर मला तुमचा रागच येत राहील." हे तू मागेच लिहिलं असतंस तर मी वेरूळच्या पत्राला तसं उत्तर दिलं नसतं. तुझा राग मला नको आहे. मुलांना वर्ष दीड वर्ष पाहिलं नाही, आणि आता पाहायला मिळणार असतील तर काकू म्हणून पाहीन. तू भिऊ नकोस, या.

काचीगुड्याला हे उतरवून घ्यायला येतील. मीही येईन, सामान घ्यायला. मुलांना हात लावणार नाही.

अक्का

मलकपेठ
८ जून १९५८

सुशी, बाळ,

काकूचं पत्र तुलाही आलं म्हणतेस, आणि तिने सुट्टीचं एवढं कौतुक लिहिलंय की तुला माझ्याकडून ऐकायचंय. सांगते. पण यातलं काकूला काही कळू देऊ नकोस. तिच्याजवळ बोलायचा मोह झाला तर जीभ चाव.

काचीगुड्याला गाडी थांबली आणि मुकुंदा खाली उतरला तो मला ओळखूच आला नाही, इतका उंच झालाय. अंबूने वाकून नमस्कार केला. जया काकूच्या पदराआड होती. काकूने विचारलं, "ही कोण, सांग बरं?" पोरीने माझ्याकडे एकदा पाहिलं, काकूकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "काकू." मी म्हटलं, "हौ गं, काकू." सगळे हसले. मीही हसले. माझं काय झालं ते माझं मला माहीत.

अंबू घरी आल्या आल्या एकदा चुकला. रांजणाजवळून ओरडला, "आई, पाणी!" हाक माझ्याकडे बघून मारली होती. मग त्याने दाताखाली जीभ धरली आणि काकूकडे पाहिलं. सुशी, त्या पोराची ती नजर मला बघवली नाही. एका हाकेला लेकरू भ्यावं, इतकं आम्ही दोघींनी मिळून काय केलं?

नामपल्लीहून विकाराबाद, तिथून टांग्याने वर. सगळं तसंच आहे, धर्मशाळेतल्या त्या दोन खोल्या, ते आंब्याचं झाड, ती विहीर. बदल एवढाच की खाटेवर मी होते आणि धावत काकू होती. पहाटेपासून पाणी ओढ, एकाला न्हाऊ घाल, दुसऱ्याला शोध, तिसरीची वेणी घाल. तिची अर्धी वेणी झाली की जया पळायची. मला हसू यायचं आणि उठावंसंही वाटायचं. मी खाटेची दोरी धरून बसायची. जेवताना मात्र मी पाहिलं, काकूने भाकरी दुधात कुस्करली आणि वाटी जयाच्या हातात दिली. अंबूच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ते कुठून शिकली हे ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्या रागाच्या पत्राचा एवढा उपयोग झाला याचं मला बरं वाटलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी दुपारी चक्क झोपले. तुझे बाबा म्हणाले, "बघ, शेवटी तुला सुट्टी मिळाली." सगळे म्हणत होते, अक्कांना पहिल्यांदाच आराम मिळतोय. भाऊजींनी मला स्वतः उठून चहा आणून दिला.

निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पुरुष देवळात गेले होते, पोरंही त्यांच्याबरोबर. काकू आत पुरणाच्या पोळ्या लाटत होती. मी खाटेवर डाळ निवडत बसले होते. एवढ्यात जया देवळामागून आली, एका पायावर लंगडत, ओठ दाबून. रडत नव्हती. ती आजूबाजूला कुठेही न बघता सरळ माझ्याकडे आली. आई म्हणाली नाही, काकू म्हणाली नाही, काहीच म्हणाली नाही. तिने पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

बाभळीचा काटा होता. टोक वर दिसत होतं. माझ्या बांगडीत पिन होती, पण पिनेचंही काम नव्हतं, चिमटीत धरला असता तरी निघाला असता. तिचा पाय धुळीने भरला होता आणि तापला होता. तळवा केवढा झालाय तिचा, सुशी.

मी दाराकडे पाहिलं. आतून पोळपाटाचा आवाज येत होता. मी तिला म्हटलं, "आईकडे जा."

ती म्हणाली, "तूच काढ ना."

म्हणजे तिच्या ते ध्यानात होतं. काटे कोण काढतं, ते ती विसरली नव्हती. मी एवढंच ऐकायला दीड वर्ष जीव टांगून बसले होते आणि ते मिळालं तेव्हा मी तिचा पाय मांडीवरून खाली ठेवला. म्हटलं, "मला नीट दिसत नाही गं. तुझ्या आईचे डोळे चांगले आहेत." तिने माझ्या शेजारच्या सुपाकडे पाहिलं. डाळीतले खडे मी काढत होते, ते बाजूला पडले होते. पोर काही आंधळी नाही. तिला कळलं की मी खोटं बोलतेय, आणि का बोलतेय ते कळलं नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं आता हिला ओढून जवळ घ्यावं आणि अटी गेल्या चुलीत.

पण मी म्हटलं, "दारात जाऊन आई म्हणून मोठ्याने हाक मार. बघ कशी धावत येते."

ती भिंतीला धरून लंगडत गेली आणि दारातून ओरडली, "आई!" आत लाटणं पडल्याचा आवाज झाला. काकू पिठाच्या हाताने धावत आली, तिला उचललं, तिथेच उंबऱ्यावर बसून काटा काढला, फुंकर घातली. मग तिने पोरीच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आणि हसू. म्हणाली, "अक्का, ऐकलंत? आपण होऊन आली हो माझ्याकडे! कुणी न सांगता!"

मी म्हटलं, "ऐकलं."

जया काकूच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. तेवढं पोरीने माझं राखलं.

मग मी आडवी झाले आणि दिवे लागेपर्यंत तशीच पडून राहिले. कुणी उठवलं नाही. उलट काकू पोरांना दटावत होती, "हळू बोला, मोठ्या काकू झोपल्यात." सुशी, मला अशी विश्रांती नको होती. मला त्या पोरीचा पाय मांडीवर हवा होता. सगळी रडारड, उष्टी ताटं, गार झालेला चहा, सगळं हवं होतं. इंदू आत झोपलेली असायची आणि मी बाहेर दमून जायची, तेव्हा मला वाटायचं मी तिच्यावर उपकार करतेय. तिची झोप चालू राहावी म्हणून मी पोरांना हळू बोलायला लावायची. ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. आता विचारायला कुणी नाही, आणि मला त्याचं उत्तर येतं.

तू दिवस राहिल्याचं लिहिलं आहेस. फार फार आनंद झाला. बाळंतपणाला इकडेच ये. पण पोरं मला जे म्हणतील ते म्हणू देत, तुला मात्र पहिल्या दिवसापासून आईच म्हणायला शिकव. आणि मी कितीही म्हटलं की तू पड, मी बघते, तरी दर वेळी ऐकू नकोस.

तुझी,
आई

मलकपेठ
१० जून १९५८

चि. इंदू,

पाकीट पाठवलंस आणि अक्षरही मोठं काढलंस, तेव्हा चष्म्याशिवाय वाचलं.

दिवाळीला मुलांना घेऊन येतेस म्हणतेस, या. आता भीती गेली म्हणतेस, ते वाचून माझ्याही मनावरचं ओझं उतरलं. मापं आली आहेत, परकराचं कापड यांच्याकडून कालच काढून घेतलं.

जयाच्या काट्याचं तू पुन्हा विचारलं आहेस. तुझ्या मनात शंका येते, ती माझ्या खाटेजवळून गेली असणार, मग माझ्याकडे आधी आली होती का, मी तिला काही म्हटलं का. खरं सांगा, वाईट वाटणार नाही, असं लिहिलंयस.

खरं सांगते. ती माझ्या खाटेला लागूनच गेली. मी हात पुढे केला होता, जुन्या सवयीने. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ तुझ्याकडे धावली.

तुझी,
अक्का